नाव बदलले आहे

परभणीत सामाजिक न्याय हे एका इमारतीचं नाव आहे.
दुसरा मजला, जात पडताळणी,
जेवणाची सुट्टी दीड ते अडीच, म्हणजे तीन.
पप्पांनी तिथे अकरा खेपा घातल्या.
येताना दर वेळी खारी आणायचे,
जणू खारीसाठीच गेले होते.

दोह्यात तो विषय आहे.
माध्यमे आणि सामाजिक न्याय, सोमवार-बुधवार, चार क्रेडिट.
वर्ग इतका गार
की सप्टेंबरात स्वेटर घालून
आम्ही उन्हाबद्दल बोलतो.

प्रोफेसर म्हणाल्या, असा एक माणूस शोधा
ज्याचं कुणी ऐकत नाही. तीन मिनिटांचा ऑडिओ.
बारा देशांची सतरा मुलं
एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.
लुजैन कुजबुजली, तुझं बरं आहे,
तुला त्यांची भाषा येते.
त्यांची.

मला शोधावं लागलं नाही.
रात्री सव्वाअकराची शेवटची बस निजाम सुर्वे चालवतात, मुरूड-जंजिऱ्याकडचे.
पहिल्याच आठवड्यात आरशातून म्हणाले होते,
"कुठची गो तू? फोनवर मराठीत भांडत होतीस."

संमतीपत्र चार पानी, इंग्रजी.
मी एकेका स्टॉपला एकेक परिच्छेद मराठीत करत गेले.
सहभागी. स्वेच्छेने. संभाव्य धोका.
"धोका कुणाला, तुला की मला?"
"फॉर्ममध्ये तुम्हालाच."
"मग फॉर्म खरा आहे," म्हणाले, आणि सिग्नल सुटला.

नाव बदलता येईल, मी सांगितलं.
त्यांनी बराच विचार केला.
"महामूद उकये घाल. शेजारी आहे.
बारा वर्षं माझे नारळ पाडतोय.
होऊ दे त्याचं नाव खराब."

मी विचारलं, पासपोर्ट कुणाकडे असतो?
त्यांनी सांगितलं,
खोलीत सहा खाटा, खिडकीची एकच,
ती दर तीन महिन्यांनी फिरते,
आणि रमजानात त्यांची पाळी आली
तेव्हा खिडकीसमोर नवी भिंत उभी राहिली होती.
मी विचारलं, ओव्हरटाइम?
त्यांनी सांगितलं, सुके बोंबील.
भाजले की शेजारच्या खोलीतला दार आपटतो.
"हा अन्याय लिही. बाकीचा सगळ्यांना माहीत आहे."

मग दार बंद करता करता, रेकॉर्डरकडे न बघता,
एका वर्षी चार महिने पगार नव्हता
हे एकच वाक्य.

एडिटिंगच्या खोलीत पहाटेचे दोन.
सत्तेचाळीस मिनिटांची तीन करायची.
बोंबील काढले.
खिडकी काढली.
पगार ठेवला, सुरुवातीलाच,
खाली बसच्या इंजिनाची घरघर.

आणि मला वसतिगृह आठवलं,
सातवीत होते, एक पेपरवाला आलेला.
आम्हांला ओळीत बसवून म्हणाला, पोळी जरा वर धरा.
दिसली पाहिजे.
दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं: विद्यार्थिनी.
माझी पोळी गार झालेली, ते कुठेच नव्हतं.
आठवलं तरी मी फाइल सेव्ह केली.
सकाळी नऊची मुदत होती.

वर्गात शांतता. मंगोलियाच्या ओयुनाने डोळे पुसले.
शेवटी माझाच आवाज:
या व्यक्तीचे नाव बदलले आहे.
शंभरात एक्याण्णव.
शेऱ्यात लिहिलं होतं, आणखी त्यांच्याबद्दल ऐकायला आवडलं असतं.

त्या रात्री बसमध्ये मी आणि एक झोपलेला नेपाळी गार्ड.
"किती पडले?"
"एक्याण्णव."
बराच वेळ नुसती बस चालली.
पेट्रोल पंप गेला, करकचं दुकान गेलं,
रोज ज्याला ते हात करतात तो चहावालाही गेला.
"त्यात माझे किती?"

मी बॅगेत काहीतरी शोधायला लागले.

"का सगळे
त्या महामूदलाच देऊन टाकलेस?"